किती दिवस अंगावर काढायचं?

"डॉक्टर, चार दिवस अंगावर काढलं, पण आज राहवेना म्हणून आलो."

रायगड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी गेली सव्वीस वर्षं फिजिशियन म्हणून काम करतो आहे. हे वाक्य कानावर पडलं नाही असा ओपीडीचा दिवस मला आठवत नाही. कोणी चार दिवस म्हणतं, कोणी चार महिने. ‘अंगावर काढलं’ म्हणताना माणसाच्या आवाजात थोडा अभिमानही असतो. कामावर खाडा केला नाही, पैसे वाचवले, घरच्यांना धावपळ करायला लावली नाही. त्या अभिमानाला मी कधी हसलो नाही. कारण बरेचसे किरकोळ आजार खरोखरच अंगावर निघतात. सर्दी सात ते दहा दिवसांत जाते. तिच्या मागे राहिलेला कोरडा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. कफ हिरवट दिसला म्हणजे अँटिबायोटिक लागणारच, असं मुळीच नाही. कमरेत भरलेली उसण बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप सुटते. जुलाब लागले, पण ओआरएसचं पाणी पोटात ठरतं आहे, लघवी नीट होते आहे, शौचात रक्त नाही, तर एक-दोन दिवस घरी थांबायला हरकत नाही. अशा वेळी माझ्या बाकावर तीन तास बसण्यापेक्षा घरी पडून राहिलेलं चांगलं. आणि "एक सलाईन लावा, अशक्तपणा जाईल" हा आग्रह तर धरूच नये. त्या बाटलीत मीठपाणी असतं, फार तर साखर. तोंडानं खाणाऱ्यापिणाऱ्या माणसाला त्यातून वेगळं काही मिळत नाही.

मात्र प्रत्येक आजाराची आपली एक तिथी असते. ती चुकली की तेच औषध, तोच डॉक्टर, पण हाती लागतं ते निम्मंच. हा लेख त्या तिथींविषयी आहे.

काही वर्षांपूर्वी जुलैच्या अखेरीस एका चाळिशीच्या शेतकऱ्याला त्याच्या बायकोनं आणि भावानं रिक्षातून उतरवून आत आणलं. दोन आठवडे त्याचा मुक्काम भातलावणीच्या चिखलात होता. पायाच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या झालेल्या. सात दिवस ताप. दुसऱ्या दिवशी अंगदुखीवर कुठूनतरी तीन गोळ्यांची पुडी आणली, ती घेतली की चार तास बरं वाटे आणि तो पुन्हा शेतावर जाई. पोटऱ्यांना हात लावू देत नव्हता, इतक्या दुखत होत्या. डोळे लालभडक, पण चिपडं नाहीत. बुबुळाभोवतालचा पांढरा भाग पिवळसर. मी बायकोला विचारलं, "वहिनी, लघवी कधी झाली?" त्या म्हणाल्या, "काल सकाळी. तीबी इवलीशी."

हा लेप्टोस्पायरोसिस. उंदीर, घुशी, गुरं यांच्या मुतातून हे जंतू साचलेल्या पाण्यात आणि चिखलात उतरतात आणि चिखल्यांतून, खरचटलेल्या कातडीतून माणसाच्या अंगात शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत त्याची मोठी साथ आली, तेव्हा शहरातल्या लोकांना हे नाव माहीत झालं. कोकणातल्या आम्हा डॉक्टरांना मात्र ते दर लावणीला भेटतं. सुरुवातीच्या दिवसांत या आजाराला डॉक्सिसायक्लिनसारखी स्वस्त गोळी पुरते. आठव्या दिवशी त्या शेतकऱ्याला डायलिसिससाठी शहरात पाठवावं लागलं. पुडीतली वेदनाशामक गोळी आधीच दमलेल्या मूत्रपिंडावर आणखी एक घाव घालून गेली होती. तो वाचला, पण तीन आठवडे रुग्णालयात राहिला, आणि त्या वर्षीचं अर्धं शेत पड राहिलं.

म्हणून पावसाळ्यातल्या तापाबद्दल मी तिसरा दिवस सांगतो. पहिले दोन दिवस पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, पेज आणि विश्रांती. थर्मामीटर लावावा आणि आकडा वेळेसह लिहून ठेवावा. आमच्याकडे दुधाचा हिशेब कॅलेंडरवर लिहितात, त्याच चौकटीत ताप लिहिला तरी चालेल. तिसऱ्या दिवशी ताप १००.४ च्या वर असेल तर डॉक्टरांकडे यायचं. त्याआधी धावत येऊन "सगळ्या तपासण्या करून टाका" म्हणण्यात फारसा अर्थ नसतो, कारण तपासण्यांनाही तिथी असते. डेंग्यूची एनएस-१ चाचणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी, प्रतिपिंडांची त्यानंतर. टायफॉइडची विडाल चाचणी पहिल्या आठवड्यात बहुधा दिशाभूल करते. त्याच आठवड्यात, अँटिबायोटिक सुरू होण्याआधी, केलेलं ब्लड कल्चर खरं बोलतं. मलेरियाची काच मात्र ताप आल्या दिवशीही पाहता येते, आणि गावात मलेरिया असेल तर ती लगेच करून घ्यावी. भातशेतात किंवा पुराच्या पाण्यात वावरलेल्या माणसानंही तिसरा दिवस न बघता यावं.

गरोदर बाई, तीन महिन्यांच्या आतलं बाळ, साठी-पासष्टी ओलांडलेले, मधुमेही, किडनीचे किंवा कर्करोगाचे उपचार चालू असलेले, यांच्यासाठी तर तिसरा दिवस नाहीच. त्यांनी पहिल्याच दिवशी यायचं. म्हाताऱ्या माणसांना तर कधीकधी ताप चढतच नाही. आजी नुसती गप्प बसते, जेवण नको म्हणते, नातवाला भलत्याच नावानं हाक मारते. तोच तिचा ताप समजावा. आणि कुठल्याही वयाचा माणूस बरळू लागला, धाप लागली, मान ताठ झाली, पाण्याचा घोटही उलटून पडू लागला किंवा सहा-आठ तास लघवी झाली नाही, तर मध्यरात्रीही निघायचं.

डेंग्यूबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण तिथे लोकांचा हिशेब उलटा असतो. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरतो, घरात सगळ्यांना हायसं वाटतं आणि औषधपाणी थांबतं. खरा धोका नेमका तेव्हाच सुरू होतो. रक्तवाहिन्यांच्या भिंती पाझरू लागतात, रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, रक्त घट्ट होतं आणि रक्तदाब खाली येतो. ताप नाही, पण पोट दुखतं, उलट्या थांबत नाहीत, हातपाय गार पडतात, हिरड्यांतून रक्त येतं, मूल सुस्त पडून राहतं. ही चिन्हं दिसली की तासाभरात दवाखान्यात. नातेवाईक मला फोनवर फक्त प्लेटलेटचा आकडा विचारतात. मी रक्ताचा घट्टपणा, म्हणजे हिमॅटोक्रिट, आणि नाडीचा दाब जास्त बारकाईनं बघत असतो. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट दहा हजारांच्या खाली गेल्याशिवाय बहुधा त्या चढवाव्या लागत नाहीत. आणि या तापात अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेन, डायक्लोफेनॅक कटाक्षानं टाळायचं.

आता तासांच्या हिशेबाचे आजार. एक शिक्षक होते, बावन्न वर्षांचे. रात्री अकराला छातीत जड वाटू लागलं. गॅस झाला असं समजून त्यांनी सोडा घेतला, ढेकर यावी म्हणून अंगणात फेऱ्या मारल्या, बायकोनं ओवा दिला. घाम आला तो उकाड्यानं, असं ठरलं. पहाटे पाचला स्वतः स्कूटर चालवत माझ्याकडे आले. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन बारा तासांपर्यंत देता येतं, तेव्हा ते मी दिलं. पण त्या सहा तासांत हृदयाचा जो स्नायू मेला तो कोणत्याच औषधानं परत येत नाही. आज ते जिवंत आहेत, मात्र शाळेचा जिना चढताना दोनदा थांबतात.

छाती, जबडा, डावा हात, दोन खांद्यांमधली पाठ, यांत कुठेही दाबल्यासारखं वाटून पंधरा-वीस मिनिटांत ओसरलं नाही आणि सोबत घाम किंवा धाप असेल, तर गॅस आहे की नाही ते ईसीजी ठरवेल. पहिला ईसीजी कधीकधी साफ येतो, तेवढ्यावर घरी जाऊ नये. तासाभरात दुसरा काढावा, रक्तातलं ट्रोपोनिन तपासावं. मधुमेह्यांना आणि बायकांना छातीत दुखतंच असं नाही, नुसतीच धाप, मळमळ, घाबरं होणं एवढंच असतं. १०८ ला फोन करावा. स्वतः गाडी हाकू नये.

तसंच ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात त्याचं. तोंड वाकडं होणं, एक हात उचलला तरी खाली पडणं, बोलणं जड होणं. मेंदूतली गुठळी विरघळवायला साडेचार तास मिळतात, आणि त्यात प्रवास, सीटी स्कॅन सगळं आलं. मालिशवाल्याकडे गेलेला अर्धा दिवस या हिशेबात कुठेच बसत नाही. अशा माणसाला पाणीसुद्धा पाजू नये, ते श्वासनळीत जाऊ शकतं. आणि घरच्यांनी एवढं नक्की लक्षात ठेवावं की तो शेवटचा धडधाकट किती वाजता दिसला होता. आमचा पहिला प्रश्न तोच असतो.

घड्याळाकडे बघायला कोकणातल्या आम्हा डॉक्टरांना महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी शिकवलं. लाल विंचू चावल्यावर उलट्या, दरदरून घाम आणि गार पडलेले हातपाय ही हृदयावर आलेल्या संकटाची पूर्वसूचना आहे, हे त्यांनी एकेका रुग्णाच्या उशाशी बसून टिपलं. प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्यावर चालते, हा त्यांचा अनुभव १९८६ साली ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला. मोठं यंत्र नव्हतं. कोणतं चिन्ह कितव्या तासाला येतं, ते त्यांनी पाहिलं होतं.

खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर थुंकी तपासायची. सरकारी दवाखान्यात ती फुकट तपासली जाते, औषधंही फुकट मिळतात, आणि साधा क्षयरोग सहा महिन्यांच्या नियमित गोळ्यांनी बरा होतो. संध्याकाळची कणकण आणि सैल झालेला शर्ट या दोन खुणा असतील तर दोन आठवडेही थांबू नये. काही न करता वजन उतरत गेलं तर त्याचा आनंद मानू नका, मला दाखवा. शौचातून रक्त पडलं की आमच्याकडे ‘मूळव्याध’ म्हणून वर्षानुवर्षं लेप लावतात. पंचेचाळिशीनंतर शौचाची सवय बदलली आणि रक्त दिसलं, तर एकदा बोटानं आणि दुर्बिणीनं आत पाहून घ्यायलाच हवं.

साखर आणि रक्तदाब यांच्याबाबतीत अंगावर काढण्याजोगं काही जाणवतच नाही. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त, रक्तदाब पुन्हा पुन्हा १४०/९० च्या वर, आणि माणूस ठणठणीत. तिशीनंतर वर्षातून एकदा दोन्ही मोजा. गावातल्या आरोग्य उपकेंद्रात हे होतं.

या सगळ्यासाठी थेट फिजिशियनच गाठायला हवा असंही नाही. ज्याला तुमचं घर, तुमचे आईवडील, तुमची मागची दुखणी माहीत आहेत असा फॅमिली डॉक्टर पहिला. त्याला न उलगडणारा ताप, एकात एक गुंतलेले दोन-तीन आजार, आठ-दहा गोळ्यांचा गुंता, अशा वेळी तो आमच्याकडे पाठवतो. येताना जुने कागद आणि घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा, काढ्यांच्या बाटल्यांसकट. "ती लाल गोळी" एवढ्यावरून मला काही कळत नाही.

त्या शेतकऱ्याचं अजून थोडं सांगायचं राहिलं. डायलिसिस संपवून तो परत आला तेव्हा बायको सोबत होती. त्याचे रिपोर्ट चांगले होते. मी कागद परत देताना त्यांच्या हाताकडे लक्ष गेलं. तळवा कागदाइतकाच पांढरा. मी त्यांना बसवलं, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. हिमोग्लोबिन निघालं ५.८. बाईचं बाराच्या वर असायला हवं. या बाई तीन आठवडे नवऱ्याच्या खाटेखाली झोपल्या होत्या, त्याआधी सगळी लावणी वाकून केली होती, आणि नवऱ्याला आणलं त्या दिवशी त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या असतानाही मी त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं. आमच्याकडे बायका पाळीच्या रक्तस्रावाला ‘अंगावरून जातं’ म्हणतात. जे अंगावरून जातं ते अंगावर काढायचं, हे त्या आईकडून शिकतात. यांना महिन्यातले नऊ-दहा दिवस जात होतं. चालताना छातीत धडधडे, चुलीची भाजकी माती खावीशी वाटे. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ दिसली. दोन बाटल्या रक्त, मग लोहाची इंजेक्शनं, मग शस्त्रक्रिया, असं सगळं पुढे नीट झालं.

पण त्या दिवशी केसपेपर भरताना ‘किती दिवसांपासून’ हा रकाना आला आणि मी विचारलं, "हे कधीपासून होतंय?" त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजायला सुरुवात केली, मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "धाकटीच्या बारशापासून."

धाकटी चौथीत होती.