तीन तुकडे

मोबाइल हातातून निसटायचा, जिन्याच्या पायरीवर आपटायचा आणि त्याचे तीन तुकडे व्हायचे. झाकण एका पायरीवर, बॅटरी दुसरीवर, आणि उरलेला फोन खाली चपलांच्या ढिगात. कुणाला फारसं काही वाटायचं नाही. आम्ही उकिडवे बसून तिन्ही तुकडे गोळा करायचो. बॅटरीचे पितळी ठिपके शर्टाला पुसायचे, ती खाचेत बसवायची, झाकण अंगठ्याने सरकवायचं. ‘टक्’ आवाज आला की काम झालं. फोन चालू व्हायचा आणि तेवढी वेळ विचारायचा. भिंतीवरच्या घड्याळात बघून ती भरली की अपघात संपला.

आता मोबाइल पडतो तेव्हा त्याचे तुकडे होत नाहीत. तो पालथा पडतो आणि खोलीतलं बोलणं थांबतं. ज्याचा असेल तो लगेच उचलत नाही. आधी कडेला बोट घालून हळूच उलटतो. काच शाबूत असेल तर सगळेच सुटकेचा श्वास टाकतात. कोपऱ्यातून कोळ्याचं जाळं पसरलेलं असेल तर कुणीतरी हलक्या आवाजात विचारतं, ‘फक्त टेम्पर्ड गेलं ना?’ पूर्वी पडलेल्या फोनपाशी माणूस कामाला लागायचा, आता पडलेल्या फोनपाशी माणूस निकालाची वाट बघतो.

आमच्या पिढीचा पहिला मोबाइल शर्टाच्या खिशात राहायचा आणि खिसा त्या वजनाने खाली ओढला जायचा. २००० साली आलेला नोकिया ३३१० हा १३३ ग्रॅमचा आणि २२ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे बोटभर जाड. नळावर वाकताना डावा हात आपसूक छातीवर जायचा, देवळात नमस्कार करतानाही जायचा. पँटच्या खिशात ठेवला तर किल्ल्या, सुटे पैसे, एसटीचं तिकीट यांच्यासोबतच तो नांदायचा. त्याच्यावर बसलं तर बसणाऱ्याला टोचायचं, फोनला काही होत नसे. खिशात तो आहे हे विसरताच यायचं नाही, म्हणून त्याच्यावर कुणी फार वेळ बसतही नसे.

आजचा फोन खिशात आहे हे कळत नाही, आणि घात तिथेच होतो. मागच्या खिशात सरकवलेली ती पाटी घेऊन आपण रिक्षात बसतो, दुचाकीवर बसतो, ऑफिसच्या खुर्चीत तासन् तास बसतो. २०१४च्या सप्टेंबरमध्ये ७.१ मिलिमीटर जाडीचा आयफोन ६ प्लस बाजारात आला आणि काही दिवसांतच खिशात वाकलेल्या फोनांचे फोटो जगभर फिरले. विक्रीच्या पहिल्या सहा दिवसांत फक्त नऊ ग्राहकांनी तक्रार केली, असं कंपनीने तेव्हा सांगितलं. पुढे २०१८ साली अमेरिकेतल्या एका खटल्यात कंपनीचे अंतर्गत कागद उघड झाले. आधीच्या ५एसपेक्षा हा फोन वाकण्याची शक्यता ७.२ पट आहे, हे कंपनीला विक्रीआधीच ठाऊक होतं, असं त्या कागदांत दिसलं.

त्यामागचं गणित कुठल्याही सुताराला पाठ असतं. फळीची जाडी निम्मी केली तर ती दुप्पट नव्हे, आठपट सहज वाकते. त्यात फोनच्या कडेला आवाजाच्या बटणांसाठी भोकं पाडलेली. पट्टी तिथेच हार मानते. वाकणं डोळ्यांना दिसलं नाही तरी आत मदरबोर्ड लवतो, चिपखालचे झाळाचे बारीक टाके सुटतात आणि एके दिवशी पडदा बोटाला दाद देईनासा होतो. ६ प्लसनंतरच्या वर्षीच्या फोनला जास्त कणखर ॲल्युमिनियम वापरलं गेलं, म्हणजे धडा घेतला गेला. पण पातळ होण्याची ओढ काही गेली नाही. २०२५ साली ५.६ मिलिमीटरचा आयफोन एअर आला, टायटॅनियमच्या चौकटीत बसवलेला. मजबूत धातू घ्यायचा आणि त्याच्या बळावर आणखी पातळ व्हायचं, असा हा प्रवास आहे.

इथवर लिहिलं की ‘जुनं ते सोनं’ म्हणावंसं वाटतं. पण माझ्याच्याने ते म्हणवत नाही, कारण ते खरं नाही. त्या फोनमध्ये मोजके मेसेज मावायचे आणि नवा यावा म्हणून वडिलांचा जुना मेसेज पुसावा लागायचा. २००३पर्यंत येणाऱ्या कॉलचेही पैसे पडायचे, म्हणून आईशी बोलतानाही नजर सेकंदांवर असायची. पावसाचे चार थेंब आत गेले की फोन तांदळाच्या डब्यात जायचा आणि बहुतेक वेळा तांदळाचा त्याला काही उपयोग नसायचा. आणि एक गोष्ट आमच्या घरात कुणीच विसरलेलं नाही. एका रात्री फळीवरून मोबाइल पडला, बॅटरी जरा निसटली आणि तो बंद पडला. कुणाला कळलं नाही. गावाकडून काका रात्रभर फोन लावत होते. आजोबा गेल्याचं आम्हाला सकाळी शेजारच्यांच्या लँडलाइनवरून समजलं. आम्ही पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. सहज सुटणारी बॅटरी म्हटलं की मला ती ‘टक्’ आठवते, तशी ही सकाळही आठवते.

आज आई त्याच गावात ओसरीवर बसून फोनवर नातवाचा चेहरा बघते. परवा तिचा फोन पाण्याच्या बादलीत पडला. तिने काढला, पदराला पुसला आणि बोलणं पुढे चालू ठेवलं. आजची काचही मुद्दाम घडवलेली असते: वितळलेल्या क्षारात बुडवून तिच्यातल्या सोडियमच्या जागी पोटॅशियमचे मोठे कण कोंबतात, त्यामुळे तिचा पृष्ठभाग दाबून घट्ट होतो आणि त्यावर सहजी चरा पडत नाही. तेव्हाचा फोन आपण समजतो तितका अभेद्य नव्हता, आताचा आपण म्हणतो तितका नाजूक नाही. हे मला मान्य आहे. तरीही काहीतरी हातचं गेलं आहे, आणि ते मजबुती नव्हे.

गेले ते हातांचे छोटे संस्कार. चार्ज धरेना की बॅटरी काढून तिचे ठिपके खोडरबराने घासायचे. ती खाचेत सैल बसत असेल तर कागदाची घडी घालून घट्ट करायची. त्यासाठी कॅलेंडरचं पान सर्वांत चांगलं, आणि ते किती दुमडायचं याचा प्रत्येकाचा अंदाज वेगळा. कीपॅडचे आकडे झिजले की लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या एसटी स्टँडपर्यंत कुठल्याही टपरीवर नवा रबरी कीपॅड मिळायचा. पॅनेल बदललं की काळा फोन लाल होऊन घरी यायचा आणि घरात नवा फोन आल्यासारखा सगळ्यांच्या हातून फिरायचा. २००३ साली आलेल्या नोकिया ११००ला तर टॉर्च होता. लोडशेडिंगच्या रात्री त्याच्या उजेडात आई भात वाढायची आणि आम्ही पुस्तकं दप्तरात भरायचो. तसे जवळपास २५ कोटी फोन जगभर विकले गेले. ते कुणी जपून वापरल्याचं मला आठवत नाही, सगळ्यांनी ते फक्त वापरले.

आता आम्ही वापरण्यापेक्षा जपतो जास्त. फोन घेतल्या दिवशीच टेम्पर्ड आणि कव्हर घ्यायचं. दुकानातला मुलगा काच आधी ओल्या, मग कोरड्या कागदाने पुसतो, चिकटपट्टीने धुळीचा शेवटचा कण टिपतो, वरची काच एका कडेने टेकवून सोडतो आणि ती पाण्यासारखी पसरत जाते. आपण सगळे टक लावून बुडबुडा राहतो का ते बघतो. हाही संस्कारच आहे, आणि देखणा आहे. पण पातळ म्हणून घेतलेल्या फोनवर जाड कव्हर चढवून आम्ही तो खिशात घालतो, तेव्हा पातळपणाचे पैसे दिले आणि जाडी पुन्हा वेगळी विकत घेतली हे मनाला लागतं. आणि गेल्या पावसाळ्यात मी ओल्या जिन्यावर घसरलो तेव्हा माझा हात कठड्याकडे गेला नाही, फोन धरून वर गेला. कोपर फुटलं, काच वाचली. पूर्वी पडताना आपण स्वतःला सावरायचो.

काचेला काही झालं नाही, पण महिन्याभरात फोन टेबलावर ठेवला की डुगडुगायला लागला. कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे असेल असं आधी वाटलं, मग पालथा ठेवला तरी डुगडुगतच होता. स्टेशनबाहेरच्या दुकानात नेला. दुरुस्तीवाल्या पोराने तो डोळ्यासमोर आडवा धरला, पोस्टमन मनीऑर्डरचा फॉर्म धरायचा तसा, आणि म्हणाला, ‘काका, मागच्या खिशात ठेवता ना? बेंड झालाय. बॅटरी पण फुगायला लागलीये.’

त्याने फोन गरम पाटावर ठेवला. गोंद मऊ व्हायला काही मिनिटं लागली. मग कडेला पातळ पत्री घालून, एकेक बोट पुढे सरकत, त्याने पाठ उचलली. युरोपात काही अपवाद सोडता फेब्रुवारी २०२७पासून ग्राहकाला स्वतः काढता येईल अशीच बॅटरी फोनमध्ये असावी, असा नियम झाला आहे. त्यानंतर कदाचित हा गोंद कमी होईल, कदाचित फोनही थोडे जाड होतील. मला ते चालेल. खिशाला पुन्हा वजन कळलं तर बरंच.

पाठ निघाली आणि मला बॅटरी दिसली: काळी, चपटी, मधोमध किंचित फुगलेली. चार वर्षं हा फोन माझ्या अंगाला चिकटून होता. रोज रात्री मी तो उशाशी घेऊन झोपलो, आणि त्याची बॅटरी मी त्या दिवशी पहिल्यांदा बघत होतो. माझा हात काउंटरवरून आपोआप पुढे गेला. ती काढावी, शर्टाला पुसावी, पुन्हा बसवावी, अंगठ्याने झाकण सरकवावं.

‘हात नका लावू काका,’ पोरगा हळूच म्हणाला. ‘पेट घेते.’

मी हात मागे घेतला.