चांदरातीचं पाकीट

चांदरातीला बीडच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत अम्मीचं पाकीट गेलं. फितऱ्याचे पैसेही त्यातच होते. "हिनंच मारलं!" म्हणत लोकांनी शेजारच्या पारधी बाईला धरलं. मी गप्प उभा राहिलो. पाकीट निघालं बांगड्यांच्या दुकानात. अम्मीच विसरली होती.

इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. कायदा १९५२ साली गेला, संशय मात्र राहिला. त्याची झळ आपल्यालाही ठाऊक आहे, तरी मी गप्प होतो.

अम्मीनं त्या बाईची हात जोडून माफी मागितली.

आता ईदच्या खरेदीला पैसे दोन ठिकाणी ठेवतो, पाकीट पुढच्या खिशात. आणि काही हरवलंच, तर आधी मागच्या दुकानात विचारतो.