भिंगाबाहेरचे

चाळिशी लागली की माणूस वर्तमानपत्र हळूहळू डोळ्यांपासून लांब धरू लागतो. पाण्याखाली ही युक्ती चालत नाही, कारण जे न्याहाळायचे ते हातात धरता येत नाही, आणि दोन बोटांएवढा जीव लांबून पाहिला तर दिसतच नाही. इंडोनेशियातील सुलावेसी बेटाच्या उत्तर टोकाशी लेम्बेची सामुद्रधुनी आहे. तिचा तळ काळ्या ज्वालामुखी वाळूचा, वरवर पाहता उजाड. स्कूबाची नळकांडी पाठीवर बांधून लोक तेथे उतरतात ते केवळ बारीकसारीक जीव पाहण्यासाठी. आम्हीही त्याच लोभाने गेलो.

पहिल्या डुबकीला घरातले साधे भिंग नेले आणि फसलो. भिंगाची सारी करामत हवा आणि काच यांतून जाताना प्रकाश किती वाकतो यावर असते. पाणी प्रकाशाला काचेसारखेच बरेचसे वाकवते. त्यामुळे पाण्यात भिंगाची शक्ती जेमतेम पाव उरते. म्हणून पाण्याखालच्या भिंगात सपाट काचांच्या आड हवा कोंडलेली असते, किंवा मुखवट्याच्या आतल्या बाजूस, जेथे हवा असते तेथे, चाळिशीची छोटी भिंगे चिकटवतात. दुसऱ्या दिवशी हवा कोंडलेले भिंग भाड्याने घेतले.

वीसेक मीटर खोलीवर वाटाड्याने एका समुद्रपंख्याकडे काडी रोखली. हे जाळीदार प्रवाळ पंख्यासारखे पसरते. आम्हाला दिसल्या त्या करड्या फांद्या आणि त्यांवरच्या गुलाबी गाठी. तो मात्र पुन्हा पुन्हा एकाच गाठीकडे खूण करी. भिंग पुढे धरले, आणि त्या गाठीला डोळा असल्याचे दिसले. मग शेपटीचा वेढा, मग आखूड नाक. जेमतेम दोन सेंटिमीटरचा समुद्रघोडा, अंगावर प्रवाळासारख्याच गुलाबी पुळ्या घेऊन बसला होता. आम्ही विजेरी जवळ नेली तशी त्याने पाठ फिरवली. आम्ही आणखी पुढे सरकलो.

एवढ्यात वाटाड्याने आमचा पाय घट्ट धरला. वळून पाहिले तर आमच्या पायातल्या वल्ह्याने शेजारच्या पंख्याची एक फांदी मोडली होती. वितीएवढा तो तुकडा संथपणे काळ्या वाळूकडे चालला होता. वाढायला कित्येक वर्षे लागलेली ती फांदी मोडताना आम्हाला साधा धक्काही जाणवला नव्हता. भिंगात एक डोळा मावला होता. आमचे सहा फुटी शरीर मात्र त्या वर्तुळाबाहेर मोकाट होते.

या जातीचा शोधही अशाच काही मोडतोडीतून लागला. 1969 साली न्यू कॅलेडोनियात जॉर्ज बार्गिबाँ यांनी नूमेआच्या मत्स्यालयासाठी एक समुद्रपंखा काढून आणला, आणि तो तपासताना त्यावर ही चिमुकली जोडी त्यांना दिसली. पुढल्याच वर्षी, 1970 मध्ये, तिला त्यांचे नाव मिळाले. त्यांचा दोष काढण्याचा अधिकार आम्हाला नाही. त्यांच्या हातून निदान एक नवी जात जगाला कळली. आमच्या हातून काय कळले?

वर आल्यावर वाटाड्या रागावला नाही, हे अधिक लागले. त्याने एवढेच सांगितले, की भिंग डोळ्याला लावण्याआधी पाय कुठे आहेत ते पाहावे. त्याच्यापाशी भिंग नव्हते, हे तेव्हा आमच्या ध्यानात आले. त्याला गाठ आणि घोडा यांतला भेद नुसत्या डोळ्यांनी कळत होता, आणि त्याच वेळी आमचे पायही दिसत होते.

तिसऱ्या दिवशी त्याच पंख्यापाशी गेलो. हातभर अंतर राखून पाण्यात स्थिर होईपर्यंत थांबलो, पाय मागे वर घेतले, शेजारी काय आहे ते पाहिले. मग भिंग उचलले. घोडा पाठ करून होता. चार-पाच श्वास वाट पाहिली, विजेरी मालवली आणि मागे सरलो.