पंधराशे रुपयांचे मत

पुणे,
१६ मार्च २०२५

चि. भाच्यास,

तुझे पत्र पावले. विधानसभेचा निकाल लागून जवळजवळ चार महिने लोटले तरी तुझ्या मनातील कडवटपणा ओसरलेला नाही, हे त्याच्या पहिल्या परिच्छेदातच ध्यानी आले. आणि ज्याने प्रचारसमितीच्या कचेरीत रात्रीच्या रात्री जागून पत्रके लिहिली, सभांची टिपणे केली, वृत्तपत्रांना मजकूर पुरविला, त्याला २८८ पैकी अवघ्या ४६ जागा आपल्या महाविकास आघाडीच्या तीन प्रमुख पक्षांच्या पदरात पडल्याचे दुःख व्हावे, हे स्वाभाविकच आहे. परंतु त्या दुःखाच्या भरात ‘लाडकी बहीण’ योजनेला उद्देशून ‘बायांनी पंधराशे रुपयांत मत विकले’ असे जे एक वाक्य तू लिहून गेला आहेस, ते काही केल्या माझ्या गळी उतरत नाही, आणि हे पत्र मी त्या एका वाक्यासाठी लिहीत आहे. पराभवाच्या इतर कारणांचा ऊहापोह पुष्कळांनी केला आहे. मतदारयाद्यांविषयी म्हणशील, तर लोकसभेनंतरच्या पाच महिन्यांत ३९ लाख नावे वाढली कशी, या विरोधकांच्या प्रश्नाला निवडणूक आयोगाने मतदारसंघनिहाय आणि तपशीलवार उत्तर द्यावे, असे माझेही मत आहे. पण त्या प्रश्नाच्या आड तुझे हे वाक्य लपू शकत नाही.

पहिली गोष्ट, हिशेबाची. महायुतीने ५ नोव्हेंबरला कोल्हापुरात दरमहाचे पंधराशे २१०० रुपये करण्याचे वचन दिले, आणि दुसऱ्याच दिवशी मुंबईत आपल्या आघाडीने महालक्ष्मी योजनेच्या नावाने तीन हजारांचे दिले. मत जर विकाऊच होते, तर पंधराशेला विकले जाणारे मत तीन हजारांना का विकले गेले नाही? दुसरी गोष्ट, न्यायाची. ज्या २३ नोव्हेंबरला आपल्याकडे निकाल लागला, त्याच दिवशी झारखंडचाही लागला, आणि तेथे स्त्रियांना दरमहा हजार रुपये देणाऱ्या व ते अडीच हजार करू म्हणणाऱ्या हेमंत सोरेन यांच्या आघाडीला ८१ पैकी ५६ जागा मिळाल्या. आपल्या गोटात त्या निकालाला कल्याणकारी राजनीतीचा विजय म्हटले गेले. कर्नाटकातील काँग्रेस सरकारच्या दोन हजारांच्या गृहलक्ष्मीलाही आपण तेच नाव देतो. मग रांचीची स्त्री सुज्ञ आणि रिसोडची विकाऊ, हा निवाडा कोणत्या दप्तराच्या आधारे केलास? ज्या पंतप्रधानांनी २०२२ च्या जुलैत ‘रेवडी संस्कृती’ म्हणून अशा योजनांची हेटाळणी केली, त्यांच्याच पक्षाने पुढे मध्य प्रदेशात व महाराष्ट्रात अशाच योजनांचा आधार घेतला, ही विसंगती आहेच. पण त्यांनी टाकून दिलेला तो हेटाळणीचा शब्द उचलून आपण आपल्याच मतदार भगिनींवर फेकावा, यात कसला पुरोगामीपणा?

आता जुलै २०२४ कडे वळतो, कारण निवडणूक माझ्या मते तेथेच ठरली. जूनमध्ये लोकसभेचा निकाल लागला होता. आघाडीला ३० आणि महायुतीला १७ जागा मिळाल्या होत्या, आणि सगळी वृत्तपत्रे व वाहिन्या त्या दोन आकड्यांवर जाऊन थांबल्या. दोन्ही आघाड्यांच्या एकूण मतांत जवळजवळ काहीच अंतर नव्हते, ही गोष्ट आतल्या पानांवर, कोष्टकांच्या बारीक अक्षरांत राहिली. १ जूनच्या मतदानोत्तर चाचण्यांनी देशभर जे आकडे उधळले आणि ४ जूनला जे तोंडघशी पडले, त्यांच्याविषयी आपण यथेच्छ हसलो. पण आकड्यांची तीच नशा आपल्यालाही चढली, आणि राज्य आता हाती आलेच, प्रश्न उरला तो मुख्यमंत्री कोण एवढाच, अशा समजुतीत आपली नेतेमंडळी ऑक्टोबर संपेपर्यंत जागावाटपाच्या बैठकांत बसून राहिली.

त्याच काळात तहसील कचेरीसमोर काय चालले होते? २८ जूनला अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजनेची घोषणा झाली. त्याच तारखेचा शासन निर्णय निघाला. वय २१ ते ६०, कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत, अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शेती पाच एकरांच्या आत, अशा अटी आल्या, आणि दाखल्यांसाठी सेतू केंद्रांवर स्त्रियांची अशी झुंबड उडाली की चारपाच दिवसांत सरकारला पाच एकरांची अट काढावी लागली, वयाची मर्यादा ६५ वर न्यावी लागली, आणि पिवळी वा केशरी शिधापत्रिका असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याचा आग्रह सोडावा लागला. अंगणवाडी सेविकेला अर्जामागे ५० रुपये ठरले. ऑगस्टमध्ये राखीपौर्णिमेच्या तोंडावर दोन महिन्यांचे तीन हजार खात्यांत जमा झाले, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचे पैसे आचारसंहिता लागण्याच्या आधीच पोहोचते झाले. सव्वादोन कोटींहून अधिक स्त्रिया! यांतल्या कितीतरी जणींच्या नावावर सातबारा नाही, घर नाही. आणि आयुष्यात प्रथमच सरकार नावाच्या वस्तूने त्यांच्या स्वतःच्या नावाच्या खात्यात, नवऱ्याला वा सासऱ्याला न विचारता, काही टाकले होते. त्या रकमेचे तिने काय केले, औषध आणले, मुलाचे शुल्क भरले, गटाचा हप्ता फेडला की स्वतःला एक पातळ घेतले, हे विचारायला गेलेले वार्ताहर होते, नाहीत असे नाही. पण त्यांच्या बातम्यांना जागा मिळाली ती तिजोरीवर ४६ हजार कोटींचा भार कसा पडणार याविषयीच्या अग्रलेखांच्या खालची. अशा रांगेत उभ्या असलेल्या बाईला आपल्या पक्षाचा एखादा कार्यकर्ता अर्ज भरून देताना किती ठिकाणी भेटला, ते तूच तुझ्या टिपणवहीत पाहून मला कळव. पुढाऱ्यांनी मात्र प्रथम ‘हा जुमला आहे’ म्हटले, मग ‘पैसे कोठून आणणार’ म्हटले, आणि शेवटी ‘आम्ही दुप्पट देऊ’ म्हटले. ही तीन वाक्ये एकाच माणसाच्या तोंडून ऐकल्यावर कोणती शहाणी बाई हातातले सोडून त्याच्या मागे जाईल?

आपली खरी चूक मात्र रकमेच्या पलीकडे आहे. सरकारने हा पैसा बहिणीला भावाने घातलेली ओवाळणी म्हणून दिला, आणि त्या कल्पनेच्या विरोधात आपण त्याहून मोठी ओवाळणी पुढे केली. तिचा तो हक्क आहे, असे म्हणण्याचे आपल्याला सुचले नाही. सुचायला हरकत नव्हती, कारण ही वाट याच महाराष्ट्रात पूर्वी मळलेली आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला आणि माती वाहायला गेलेल्या लाखो माणसांतून, वि. स. पागे यांच्यासारख्या गांधीवादी गृहस्थाच्या चिकाटीतून, रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. १९७७ मध्ये तो विधिमंडळाने संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. काम मागण्याचा अधिकार, काम न मिळाल्यास भत्ता, मजुरी कामाच्या मापाने, स्त्री-पुरुष असा भेद न करता. आणि खर्चासाठी शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर. त्या कामावरच्या बाईने कोणाला राखी बांधली नाही, आणि मुकादमाने हजेरी मांडली नाही तर ती मामलेदाराच्या कचेरीवर मोर्चा नेत असे. त्याच १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या मागे मुंबईच्या रस्त्यांवर लाटणी घेऊन बाहेर पडलेल्या स्त्रियांनी तेल-साखर-रॉकेल मागितले, तेही नागरिक म्हणून, आणि सत्तेला नुसते दरडावून. तुझ्या प्रचारसाहित्याचा गठ्ठा तू मला पाठविला होतास. त्यात या इतिहासाची एक ओळ नव्हती.

त्या गठ्ठ्यात जे होते ते बहुतांशी प्रतिपक्षाच्या घोषणांना उत्तर होते. ‘बटेंगे तो कटेंगे’ ही घोषणा परराज्यातून आली. ती विषारी होती, यात शंका नाही, आणि महायुतीतल्याच अजित पवारांनी व पंकजा मुंडे यांनी तिच्यापासून अंतर राखले, यावरून ती मराठी मातीत सहजी रुजणारी नव्हती हेही दिसते. पण वाहिन्यांनी ती रात्रंदिवस वाजविली आणि आपण रात्रंदिवस तिचे खंडन केले, त्यामुळे ज्याला ती ऐकू आली नव्हती त्यालाही ती पाठ झाली. मराठवाड्या-विदर्भात सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये असताना बाजारात शेतकऱ्याला त्याहून पुष्कळ कमी पदरात पडत होते. त्या विषयाला चर्चेच्या चौकटीत मिळालेला वेळ, आणि कोणी कोणाला गद्दार म्हटले याला मिळालेला वेळ, यांची तुलना कोणी करून पाहावी.

वृत्तपत्रांविषयी मला आशा कमी आहे, हे तुला ठाऊक आहे. २००९ च्या विधानसभेच्या वेळी एकाच उमेदवाराची स्तुती अक्षरशः त्याच शब्दांत वेगवेगळ्या मराठी दैनिकांत, वेगवेगळ्या वार्ताहरांच्या नावांनी छापली गेल्याचे पी. साईनाथ यांनी दाखवून दिले. प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांनी त्या प्रकरणावर ७१ पृष्ठांचा अहवाल लिहिला, आणि कौन्सिलने तो प्रथम पूर्ण प्रसिद्ध न करता त्याचा संक्षेप तेवढा बाहेर काढला. तो उमेदवार त्या वेळी काँग्रेसचा होता, मुख्यमंत्री होता, हेही विसरू नकोस. माध्यमे विकली गेली असे आज आपण म्हणतो, तेव्हा ग्राहकांच्या यादीत आपलीही नावे होती, एवढे स्मरणात ठेवून म्हणावे. त्याचप्रमाणे २००४ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर शेतकऱ्यांना मोफत वीज देऊन पुढच्या वर्षी ती काढून घेणारे सरकारही आपल्याच मित्रांचे होते; गावकऱ्यांना ते चांगले आठवते.

आता या महिन्याच्या १० तारखेचा अर्थसंकल्प घे. २१०० रुपयांचा त्यात उल्लेख नाही. ३६ हजार कोटींची तरतूद आहे. फेब्रुवारीत सुमारे पाच लाख स्त्रिया छाननीत अपात्र ठरविल्या गेल्या. कोणी निराधार योजनेचा लाभ घेत होती, कोणाचे वय ६५ च्या पुढे होते, कोणाच्या घरी चारचाकी होती. मतदानापूर्वी जे कागद कोणी पाहिले नाहीत ते मतदानानंतर पाहिले जात आहेत. यांपैकी काही नावे रास्तपणे वगळली असतील. परंतु जिचे नाव चुकीने गेले तिने दाद कोठे मागावी, किती दिवसांत, कोणासमोर, याची तिला सांगता येईल अशी व्यवस्था कोठे आहे? शासन निर्णयाने दिलेले दुसऱ्या शासन निर्णयाने परत घेता येते. रोजगार हमीचे तसे नव्हते. तेथे कायदा होता, म्हणून मजूर न्यायालयात जाऊ शकत होता. या पाच लाखांचे गाऱ्हाणे हे आज विरोधकांचे पहिले काम असायला हवे होते. पण तुझ्या पत्रात त्यांच्याविषयी चकार शब्द नाही, कारण ज्यांनी मत विकले असे आपण ठरविले, त्यांच्या तक्रारीत आपल्याला रस कसा वाटावा?

बऱ्याच महानगरपालिकांवर २०२२ पासून प्रशासक बसले आहेत. निवडणुका केव्हा ना केव्हा होतीलच, आणि तुझ्यावर पुन्हा जाहीरनाम्याचा मसुदा करण्याची पाळी येईल. त्या वेळी रकमेचा रकाना कोरा ठेव आणि आधी कलमे लिही: कोणाला मिळेल, महागाईबरोबर कसे वाढेल, नाव कमी झाल्यास किती दिवसांत कोणापुढे दाद मागायची, पैसा कोणत्या करातून येईल. आणि मसुदा लिहिण्यापूर्वी तुझ्या वॉर्डातल्या अंगणवाडीत जा, सेविकेकडून वगळलेल्या स्त्रियांची नावे घे, आणि त्यांतल्या दहाजणींचे अर्ज स्वतःच्या हाताने भरून दे.

तुझा,
मामा