पालकांचा होकार, पालकांचा नकार





नवीन शैक्षणिक वर्ष सुरू झाले की शाळेचे आवार पुन्हा गजबजून जाते. प्रार्थनेची घंटा, नव्या दप्तरांचा वास, पहिलीच्या वर्गाबाहेरची रडारड हे सर्व आपल्या इतके अंगवळणी पडले आहे, की हीच घंटा एकेकाळी महिनोन्‌महिने वाजली नव्हती हे लहान मुलांना सांगूनही खरे वाटत नाही. २०२० च्या जून महिन्यात ज्यांनी पहिलीत प्रवेश घेतला, ती मुले आता वरच्या वर्गांत गेली आहेत. त्यांच्यापैकी कित्येकांनी आपल्या पहिल्या बाईंना प्रथम पाहिले ते मोबाईलच्या पडद्यावर.

त्या काळाविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. तथापि शाळा पुन्हा उघडावी की नाही, या प्रश्नावर आपल्या पालकांत जो मतभेद झाला, त्याविषयी या वार्तापत्रात काही आलेले नाही. झाले गेले विसरून जावे, कटु आठवणी कशाला उगाळायच्या, असे काही ज्येष्ठ मंडळींचे म्हणणे आहे. त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. परंतु त्या मतभेदातून जे शिकण्यासारखे आहे, ते लिहून ठेवले पाहिजे असे आम्हांला वाटते. असा प्रसंग पुन्हा येणारच नाही, याची हमी कोण देणार? आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झालेले असल्यामुळे भाषेत काही उणे दिसल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी सांगतो. २६ जानेवारी २०२० रोजी दादरा नगर हवेली आणि दमण दीव हे दोन केंद्रशासित प्रदेश एक झाले. त्यानंतर दोनच महिन्यांत, २५ मार्चपासून, देशभर टाळेबंदी लागली. सिल्वासाचे कारखाने थांबले, कामगारांचे तांडे गावाकडे निघाले आणि शाळांना कुलूप लागले. पुढे ३० सप्टेंबर २०२० रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सूचना आल्या. १५ ऑक्टोबरनंतर टप्प्याटप्प्याने शाळा उघडण्याचा निर्णय राज्यांनी व केंद्रशासित प्रदेशांनी घ्यावा, हजेरीची सक्ती करू नये आणि विद्यार्थी पालकांच्या लेखी संमतीनेच शाळेत यावा, असे त्यांत होते. या शेवटच्या अटीमुळे दिल्लीत सुरू झालेला प्रश्न थेट आपल्या घराघरांत येऊन बसला.

आपल्या गावाची गोष्ट आणखी निराळी. एका बाजूला वापी, म्हणजे गुजरात. दुसऱ्या बाजूला तलासरी, जव्हार, मोखाडा, म्हणजे महाराष्ट्र. आपल्यापैकी बहुतेकांचे नातेवाईक दोन्हीकडे आहेत. महाराष्ट्राने २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग उघडण्याचे ठरविले, पण अंतिम निर्णय स्थानिक प्रशासनावर सोडला. त्यामुळे कुठे शाळा उघडल्या आणि मुंबई, ठाणे, पुणे अशा शहरांत त्या बंदच राहिल्या. गुजरातनेही तीच २३ नोव्हेंबर ही तारीख जाहीर केली होती. दिवाळीनंतर रुग्ण वाढू लागताच ती मागे घेतली गेली आणि दहावी व बारावीचे वर्ग ११ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. आपल्या पालकसभेत मग एक जण वापीच्या भाचीचा दाखला देई, दुसरा ठाण्याच्या पुतण्याचा. दोघांचेही खरे असे.

पुढे दुसरी लाट आली. एप्रिल आणि मे २०२१ या दोन महिन्यांत आपल्या समाजाने काय काय सोसले, ते येथे पुन्हा लिहिण्याची आवश्यकता नाही.

ती लाट ओसरल्यावर पुन्हा पालकसभा घेतल्या. गर्दी नको म्हणून इयत्तेनुसार, पटांगणात, खुर्च्या दूर दूर मांडून. त्यांपैकी एक सभा आमच्या चांगली लक्षात राहिली. शाळा ताबडतोब उघडा, असे एक गृहस्थ उभे राहून सांगत होते. ते सुताच्या कारखान्यात पाळीवर काम करतात. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवरील भगिनींच्या सासूबाई एप्रिल महिन्यात गेल्या होत्या. त्या म्हणाल्या, “तुम्हांला मुले घरात जड झाली आहेत का?” गृहस्थांचा आवाज चढला. “तुमच्या घरी माणसे आहेत, मोबाईल आहेत. आमच्याकडे काय आहे?” मग कोणी मराठीत, कोणी हिंदीत, कोणी गुजरातीत बोलू लागले. एकाने ‘शिर सलामत तो पगडी पचास’ म्हटले. त्यावर दुसऱ्याने विचारले, “आणि पगडी बांधायची अक्कल कोण शिकवणार?” लोक हसले, पण त्या हसण्यात गोडवा नव्हता. एकाच चाळीत राहणाऱ्या, वर्षानुवर्षे एकत्र गणपती बसविणाऱ्या दोन कुटुंबांत त्या दिवसानंतर बरेच महिने बोलणे नव्हते.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटले असते, एक पक्ष निष्काळजी आहे आणि दुसरा भित्रा. आम्हांला मात्र निराळे चित्र दिसले, ते संमतिपत्रांमुळे. वरून आलेल्या नमुन्यात दोनच उत्तरांची सोय होती, होय किंवा नाही. तरीही पुष्कळ पालकांनी समासात, मागच्या कोऱ्या बाजूला, जिथे जागा मिळेल तिथे काही ना काही लिहिले होते. ही पत्रे कार्यालयात जपून ठेवली आहेत. नावे न सांगता त्यांतील काही ओळींचा आशय येथे देतो.

‘होय’ लिहिणाऱ्या एका वडिलांनी लिहिले होते की दोघेही नवरा-बायको कामावर जातात, दोन मुली घरात एकट्या असतात, बाहेरून कडी लावून जावे लागते. दुसऱ्यांनी लिहिले होते की घरात एकच मोबाईल आहे आणि तो कामावर न्यावा लागतो. एका आईने लिहिले होते की मुलगा हल्ली कोणाशी बोलत नाही, त्याला माणसांत पाठवायचे आहे. ‘नाही’ लिहिणाऱ्यांपैकी एकीकडे दम्याने आजारी असलेली आजी त्याच खोलीत झोपत होती. दुसऱ्या घरात वडील रात्रपाळी करून येत असल्याने सकाळी मुलाला सोडायला कोणी नव्हते. तिसऱ्यांनी लिहिले होते की शाळेची भीती नाही, भीती आहे ती रिक्षाची, कारण तीत दहा मुले कोंबतात.

वाचकहो, विचार करा. यांत निष्काळजी कोण आणि भित्रा कोण? प्रत्येकजण आपल्या घराच्या उंबरठ्यावर उभा राहून बोलत होता. ज्याच्या घरात म्हातारे माणूस आहे त्याला धोका शाळेत दिसला, ज्याच्या घरात कोणीच नाही त्याला तो घरातच दिसला. रिक्षावाल्या कुटुंबाचा नकार तर शाळेला नव्हताच. शेजारच्या गल्लीतील एका पालकांनी दोन मुलांना स्कूटरवरून सोबत आणण्याचे कबूल केले आणि त्या नकाराचा दुसऱ्याच दिवशी होकार झाला.

हा प्रश्न बहुमताने सुटला असता, असे काहींचे म्हणणे होते. आकडे पाहता बहुमत स्पष्ट होते. महाराष्ट्राच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने जुलै २०२१ मध्ये सर्वेक्षण केले. त्यांत सुमारे ६ लाख ९० हजार पालकांनी मत दिले आणि सुमारे ८१ टक्के पालक शाळा सुरू करण्याच्या बाजूचे निघाले. ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ, रितिका खेरा आदी अभ्यासकांनी १५ राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत गरीब वस्त्यांतील सुमारे १,४०० मुलांची पाहणी केली. ग्रामीण भागात नियमित ऑनलाईन शिकणारी मुले अवघी ८ टक्के होती आणि ३७ टक्के मुले काहीच शिकत नव्हती. म्हणजे शाळा बंद ठेवण्याची किंमत कोण मोजत होते, हे उघड आहे. परंतु उरलेल्या १९ टक्क्यांच्या घरातील आजीचा दमा बहुमताने बरा होत नाही, हेही तितकेच खरे.

शिवाय तज्ज्ञांचे तरी कुठे एकमत होते? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे तेव्हाचे महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी जुलै २०२१ मध्ये सांगितले, की लहान मुले विषाणूचा सामना अधिक चांगला करतात, म्हणून आधी प्राथमिक शाळा उघडणे योग्य ठरेल. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी आधी मोठी मुले शाळेत आली आणि लहानग्यांचा क्रमांक शेवटी लागला. गुजरातेत पहिली ते पाचवीचे वर्ग २२ नोव्हेंबर २०२१ रोजी सुरू झाले. महाराष्ट्रात १७ ऑगस्टपासून शाळा उघडण्याचा आदेश निघाला आणि कृती दलातील डॉक्टरांच्या आक्षेपानंतर एक-दोन दिवसांतच स्थगित झाला. शाळा ४ ऑक्टोबरला उघडल्या, ओमायक्रॉनमुळे जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा बंद झाल्या आणि २४ जानेवारीपासून पुन्हा उघडू लागल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये दिल्लीचा एक विद्यार्थी शाळा उघडण्याची मागणी घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेला. हा निर्णय सरकारांनी घ्यायचा आहे, असे सांगून न्यायालयाने त्यात पडण्यास नकार दिला. जेथे डॉक्टर, मंत्री आणि न्यायमूर्ती सावधपणे पावले टाकत होते, तेथे आपल्या पालकांचे एकमत झाले नाही यात नवल ते काय?

त्या काळातील दोन गोष्टी आम्हांला मार्गदर्शक वाटतात. महाराष्ट्राने १५ जुलै २०२१ पासून कोरोनामुक्त गावांत आठवी ते बारावीचे वर्ग सुरू करण्यास परवानगी दिली. गावात महिनाभर रुग्ण नसावा, ग्रामपंचायतीने ठराव करावा, एका बाकावर एकच विद्यार्थी बसावा, अशा अटी होत्या. ज्यांना एकमेकांची घरे ठाऊक आहेत, त्यांनी एकत्र बसून ठरवावे, हा त्यातील चांगला भाग. दुसरी गोष्ट सोलापूरच्या नीलमनगरातील आशा मराठी विद्यालयाची. कामगार वस्तीतील बहुतेक घरांत स्मार्टफोन नाही हे ओळखून तेथील शिक्षकांनी सुमारे ३०० घरांच्या भिंतींवर पाठ रंगविले. मुले गल्लीत अंतर ठेवून उभी राहून शिकली. तेथे होय किंवा नाही यांच्या मधली वाट निघाली, कारण कोणाच्या घरात काय आहे आणि काय नाही, हे शिक्षकांना माहीत होते.

आपल्या शाळेनेही आदेश आल्यावर अशीच मधली वाट धरली. येणाऱ्या मुलांचे वर्ग दोन तुकड्यांत, दिवसाआड. न येणाऱ्यांच्या वह्या शनिवारी फाटकाशी गोळा होत आणि तपासून परत जात. कोणाच्याही नकाराची नोंद गैरहजेरी म्हणून झाली नाही. शिक्षकांना दुप्पट काम पडले, त्यांचे ऋण शाळा विसरणार नाही.

नुकसान झालेच. ‘असर’ या देशव्यापी पाहणीनुसार दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतील मुले २०१८ साली २७.३ टक्के होती, ती २०२२ साली २०.५ टक्क्यांवर आली. आपल्याही वर्गांत जोडाक्षरांशी अडणारी मुले दिसली आणि त्यांच्यासाठी जादा तास घ्यावे लागले. परंतु अक्षरे पुन्हा शिकविता येतात. पालकांची मने एकमेकांपासून दुरावली, तर त्यासाठी कोणता जादा तास घ्यावा?

म्हणून विश्वस्त मंडळापुढे आम्ही एक साधी सूचना ठेवीत आहोत. प्रवेश अर्जासोबत दरवर्षी एक ‘घरपत्रक’ भरून घ्यावे. घरात वृद्ध किंवा आजारी व्यक्ती आहे काय, आई-वडिलांच्या कामाच्या पाळ्या कोणत्या, दिवसा मुलाजवळ कोण असते, मोबाईल किती आणि कोणाकडे, मूल शाळेत कसे येते, एवढेच प्रश्न. हे पत्रक वर्गशिक्षकांजवळच राहील, त्याची चर्चा इतरत्र होणार नाही. आणि यापुढे शाळेचे जे संमतिपत्र निघेल, त्यात होय व नाही यांच्याखाली कारण लिहिण्यासाठी चार ओळी कोऱ्या असतील. सहल असो, पूर असो, वा एखादी नवी साथ असो.

विद्यार्थी मित्रहो, त्या दिवसांत तुमच्या आई-वडिलांनी तुम्हांला पाठविले असेल किंवा घरी ठेवले असेल. दोन्ही निर्णयांमागे रात्रभराची काळजी होती. ती कोणती, हे एकदा त्यांना सवडीने विचारा आणि आपल्या शेजारच्या बाकावरच्या मित्रालाही त्याच्या घरची गोष्ट विचारा.

पालकांना विनंती की घरपत्रकाविषयी आपल्या सूचना येत्या पालकसभेपूर्वी कार्यालयात लेखी द्याव्यात. विरोध असल्यास तोही कळवावा, कारणासह.



आपले,
प्राचार्य