बारा नंबरचा अपवाद

३ जून, नाशिक
दादा रात्रभर जागा. जांभया, नाकाला धार, पायांना चैन नाही. वहिनी म्हणते व्हायरल. उशीखाली ट्रमाडॉलच्या रिकाम्या स्ट्रिप्स.

४ जून
मणक्याच्या ऑपरेशननंतरच्याच वेदनाशामक गोळ्या. तेव्हा चिठ्ठीवर मिळायच्या, आता कुठून आणतो ते सांगत नाही. २०१८ पासून हे औषध अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखाली आहे. मेडिकलवाल्याला कुणी कळवलं नसावं.

७ जून
अ‍ॅडमिट. व्यसन सोडवायची गोळी, ब्युप्रेनॉर्फिन: जिभेखाली ठेवायची, गिळायची नाही. अंगातलं ट्रमाडॉल उतरून त्रास सुरू झाल्याशिवाय पहिली गोळी देत नाहीत, नाहीतर तीच त्रास भडकवते. त्यामुळे सकाळपासून आम्ही सगळे त्याला त्रास कधी होतोय याची वाट बघत बसलेलो.

८ जून
विम्याचं कॅशलेस नामंजूर. कंपनीसाठी दावे बघणाऱ्या टीपीएचा दोन ओळींचा मेल. अपवाद १२: दारू, अमली पदार्थ, कुठलंही व्यसन आणि त्याचे परिणाम.
रात्री जुनी फाइल काढली. याच पॉलिसीनं ऑपरेशनचे पैसे दिले होते, घरी आल्यानंतरच्या औषधांचेही. त्यात ट्रमाडॉलचं बिल आहे. मंजूर.

९ जून
बिलिंगचा मुलगा हळूच म्हणाला, "मॅडम, पाठदुखी लिहून घ्या ना, पास होतं." वहिनी डॉक्टरांकडे निघाली. मी अडवलं नाही. डॉक्टरांनीच नकार दिला. उद्या कुठे भूल द्यायची वेळ आली तर फाइलीत खरं निदान हवं, म्हणाले.

११ जून
मानसिक आरोग्य कायदा, २०१७. आजाराच्या व्याख्येत दारू-अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था आहेत. कलम २१(४): विमा शारीरिक आजारासारखाच. आणि अपवाद १२ विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमावलीतला. त्याच नियमावलीत मानसिक आजार वगळता येणार नाही असंही आहे. दोन्ही एकाच कागदावर सुखानं नांदतात.

१४ जून
कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्र. दादा म्हणाला, माझं नाव घालू नकोस. पॉलिसी त्याच्याच नावावर.

१६ जून
भूक लागली त्याला. दोनदा पोहे.

२ जुलै
उत्तर आलं. तोच बारा नंबर.

३ जुलै
विमा लोकपालांकडे अर्ज. फी नाही, वकील लागत नाही. दादानं स्वतः सही केली.

५ जुलै
डॉक्टर म्हणाले, गोळी वर्षभर तरी. म्हणजे ओपीडी. वहिनीनं पॉलिसी पुन्हा उघडली. ओपीडीचा खर्च त्यात मुळातच नाही, कुठल्याच आजाराचा.