लातूरच्या पत्रास माढ्याचे उत्तर

माढा



सत्तर-तीस म्हणजे काय, एवढेच लातूरच्या चिरंजीवी पुतणीने विचारले होते. परंतु त्याच पत्रात ‘सगळे कोटे बंद करावेत, ज्याचे गुण जास्त त्याला जागा’ या वाक्याखाली दोनदा रेघ ओढलेली असल्याने उत्तर लांबणार, हे तिनेही गृहीत धरले असावे. आजोबांचेही असेच असे. मत आधी, चौकशी मागाहून.

सत्तर-तीस हा वैद्यकीय प्रवेशातील प्रादेशिक कोटा होय. मराठवाडा, विदर्भ आणि उर्वरित महाराष्ट्र असे भाग पाडून प्रत्येक भागातील राज्य कोट्याच्या सत्तर टक्के जागा तेथल्या विद्यार्थ्यांना व तीस टक्के राज्यभरातल्यांना देण्याची ही पद्धत सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाली. मराठवाड्यात महाविद्यालये कमी आणि नीटमध्ये, म्हणजे देशभरासाठीच्या एकाच प्रवेश परीक्षेत, चमकणारी मुले पुष्कळ, म्हणून तिकडे निर्णयाचे स्वागत झाले आणि इकडे कुरकुर. मराठवाड्यातले परंडा माढ्यापासून असे किती लांब? तरी तेथे जो न्याय वाटला तो येथे अन्याय ठरला, आणि दोन्हीकडच्या मुलांचे ते मत प्रामाणिकच होते.

राहिला गुणांचा प्रश्न. २०२४ च्या नीटमध्ये आरंभी ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण होते. वाया गेलेल्या वेळेपोटी १,५६३ जणांना वाढीव गुण दिले गेले, ते पुढे रद्द झाले आणि २३ जूनला त्यांच्यासाठी फेरपरीक्षा ठेवावी लागली. अशा गुणांना देव्हाऱ्यात बसवण्यापूर्वी चिरंजीवीने थोडे थांबावयास हवे होते. शिवाय उजनीच्या कालव्याखालच्या रानाचा आणि सीनेकाठापासून दूरच्या कोरडवाहू रानाचा एकरी उतारा शेजारी मांडून शेतकऱ्याची हुशारी कोणी ठरवीत नाही. लातूरला वर्षभर राहून ‘रिपीट’ करणाऱ्या मुलीचे आणि ऊसतोडीच्या कोपीत अभ्यास करणाऱ्या मुलीचे गुण मात्र बिनदिक्कत तसे मांडले जातात.

खरा राग आणणारी गोष्ट वेगळीच आहे. चिरंजीवीने जातीचा, प्रदेशाचा, आर्थिक दुर्बलांचा, असे सारे कोटे मोजले, पण खासगी महाविद्यालयांतील संस्थास्तर कोटा, म्हणजे नेहमीच्या शुल्काच्या कित्येक पट रक्कम भरू शकणाऱ्यांच्या वाट्याला जाणाऱ्या जागा, तिच्या यादीत आल्याच नाहीत. कमी गुणांचा गरीब मुलगा डोळ्यांत खुपतो आणि तितक्याच गुणांचा पैसेवाला दिसतही नाही, ही दृष्टी खोलीवरच्या मैत्रिणींची असेल तर असो. या घरातली नव्हे.

तिचे वडील बोलत नाहीत, तथापि त्यांनी यंदाही सोसायटीचे कर्ज नवे-जुने करून घेतले आहे आणि विहिरीचे काम पुढे ढकलले आहे. हे तिच्या मनावर ओझे व्हावे म्हणून लिहिलेले नाही, पण लिहिल्यावर खोडवतही नाही. मेसचे जेवण सोसत नसल्यास तसे कळवावे. मागच्या खेपेस ती फार वाळलेली दिसली, आणि रात्री दोनपर्यंत जागून सराव परीक्षा देण्याचा हट्ट सोडला की नाही, याचे उत्तर पत्रात कोठेच नव्हते.